माकुलाच्या शेडमधलं वर्ष

बाळकुमच्या घरात मला जाग यायची ती आयच्या छातीतल्या शिट्टीनं. ती चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि थापण्याच्या आवाजात मधेच ती बारीक शिट्टी ऐकू यायची, दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी. मग खोकला, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा भाकरी. मी अंथरुणात पडून ते ऐकत राहायची. शिट्टी लांबली की समजायचं, आज आयला पायरी चढतानाही थांबावं लागणार. हे लहानपणापासूनचं नव्हतं. लहानपणी आयचा आवाज सगळ्या आळीत मोठा होता. खाडीच्या काठावरून हाक मारली तर होडीतल्या बाला ऐकू जायची. शिट्टी आली ती आय माकुलाच्या शेडला जायला लागल्यानंतर काही वर्षांनी, आणि अशी हळूहळू आली की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

बा म्हणजे माझे वडील. त्यांची स्वतःची होडी होती आणि खाडीत ते बोय, कोळंबी, चिंबोरी धरायचे आणि आय ती बाजारात विकायची. मी शाळेत असताना खाडीचं पाणी काळं पडत गेलं. माशांना रॉकेलचा वास यायला लागला, गिऱ्हाइकं नाक मुरडायला लागली, आणि एका वर्षी बानी होडी वर ओढली ती पुन्हा पाण्यात घातलीच नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या गेटवर ते वॉचमन म्हणून लागले. खाकी शर्ट घालून जायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे. बोलणं कमी झालं. पण दर वर्षी पावसाळ्याआधी त्या पालथ्या होडीला ते डांबर मात्र फासत. का फासता, असं कुणी विचारलं नाही. आता त्या जागेवर पार्किंगच्या पोडियमसकट टॉवर उभा आहे. मी मागे एकदा कुणाच्या तरी साखरपुड्याला तिथे गेलेले, तर लिफ्टच्या आरशात स्वतःला बघून उगाच थकल्यासारखं झालं. अलीकडे मला कशानंही थकायला होतं. डोंबिवलीतल्या कोपरच्या फ्लॅटमधून स्टेशनपर्यंत चालले तरी मधे भाजीवाल्याच्या स्टुलावर टेकते. तो बिचारा आता न सांगता स्टूल पुढे करतो.

शेड वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला होती, पत्र्याची, लांबलचक. बंदरावरून बर्फात घातलेली माकुलं, म्हणजे स्क्विड, ट्रकमधून तिथे यायची, साफ व्हायची आणि परदेशात जायची. सकाळी नाक्यावर टेम्पो यायचा, आमच्या आळीतल्या बायका त्यात दाटीवाटीनं बसायच्या. मीही सुट्टीत कधीकधी आयबरोबर जायची. आत लांब स्टीलची टेबलं, खाली सतत पाणी, पायात गमबूट. बायका एका हातात माकुलाचं धड धरायच्या, दुसऱ्या हातानं डोकं धरून हलकेच ओढायच्या. नीट ओढलं तर डोक्याबरोबर आतडी, शाईची पिशवी, सगळं एका झोक्यात बाहेर येतं. जोर जास्त झाला तर पिशवी फुटते आणि काळी शाई टेबलभर पसरते. मग पाठीच्या बाजूनं बोट घालून ती पारदर्शक काडी काढायची, जणू प्लॅस्टिकचं पातं. तीच त्या प्राण्याची एकुलती एक हाडासारखी वस्तू. मग ठिपक्याठिपक्यांची कातडी सोलायची, आणि उरतो तो पांढराशुभ्र, पोकळ, बोटांत गार लागणारा मांसाचा नळ. शेवटी पाण्याचा फवारा मारून तो आतून धुवायचा. त्या फवाऱ्याचं धुकं शेडमध्ये दिवसभर तरंगत असायचं. बायकांच्या पापण्यांवर थेंब जमायचे.

आयचा हात सगळ्यात साफ होता. तिनं पिशवी फोडल्याचं मी कधी पाहिलं नाही. टेबलाच्या तोंडाशी तिची जागा होती. नव्या बाईला शिकवायचं असेल तर सुपरवायझर तिच्याच शेजारी उभी करायचा, आणि आय बोलायची नाही, नुसती दाखवायची. आमच्या आळीत तिला मंजुळाबाय म्हणत, पण शेडमध्ये सगळ्या तिला मुकादम म्हणायच्या आणि तिला ते आवडायचं. होडी वर ओढल्यापासून घर तिच्या हातावर चाललं होतं, हे कुणी बोलून दाखवत नसलं तरी आम्हा तिघांना ठाऊक होतं.

फाटलेली माकुलं तिथल्या बायकांना घरी न्यायला मिळायची. आय ती लसूण-मिरची-कोथिंबिरीच्या वाटणात करायची, वरून कोकम. तिचं म्हणणं असायचं, माकुल एक तर तव्यावर टाकलं की लगेच उतरवावं, नाहीतर चुलीवर ठेवून विसरून जावं. मधेच थांबलं की रबर. तिच्या हातचं माकुल विसरून शिजवलेलं असायचं, इतकं मऊ की भाकरीच्या घासाबरोबर विरघळायचं. बा दोन वेळा वाढून घ्यायचे. तेवढं एक सुख त्यांच्या तोंडावर दिसायचं.

मी तेव्हा ठाण्याला कॉलेजात होते, बी.एस्सी.ला, प्राणिशास्त्र घेऊन. आम्हाला दामले मॅडम शिकवायच्या. डोंबिवलीहून यायच्या, सुती साडी, केसांत एक पिन. त्यांच्या घरी अंडंसुद्धा शिजत नसे, पण ट्रेमधल्या मेलेल्या प्राण्याला हात लावताना त्या कधी तोंड वाकडं करायच्या नाहीत. कॉलेजच्या बरणीतलं माकुल फॉर्मलिनमध्ये राहून राहून खोडरबरासारखं करडं आणि कडक झालेलं. त्यात काही धड दिसेना. मॅडमनी विचारलं, कुणाला ताजं आणता येईल का. वर्गात मी एकटीच कोळ्याची. हात वर करताना मला लाज वाटली, हे कशाला लपवू. दुसऱ्या दिवशी डब्यात बर्फ घालून आयनं निवडून दिलेली चांगली मोठी माकुलं नेली आणि बसमध्ये डबा मांडीवर घट्ट धरून बसले.

त्या दिवशी मॅडमनी ते माकुल पोटाच्या बाजूनं उभं चिरलं आणि दोन्ही पदर टाचण्यांनी ट्रेमध्ये पसरून लावले. मुली रुमाल नाकाला लावून भोवती उभ्या. मॅडम म्हणाल्या, "सुरेखा, तू पुढे ये. तुझं आहे ना हे." आणि सुईच्या टोकानं एकेक भाग दाखवत गेल्या. दोन बाजूंना पिसांसारखे दोन कल्ले. प्रत्येक कल्ल्याच्या बुडाशी एक छोटं हृदय, ज्याचं काम एवढंच की कल्ल्यात रक्त ढकलायचं. तिथे रक्ताला प्राणवायू मिळाला की ते मधल्या मोठ्या हृदयात येतं, आणि ते सगळ्या अंगाला पुरवतं. रक्तात लोखंडाऐवजी तांबं, म्हणून प्राणवायू मिळालेलं रक्त निळसर. डोक्यात मेंदू कड्यासारखा, आणि अन्ननलिका त्या कड्याच्या मधून जाते. "त्यामुळे याला मोठा घास गिळून चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "चोचीनं बारीक तुकडे करूनच खावं लागतं." मग त्यांनी डोक्याखालची नळी दाखवली. माकुल अंगात पाणी घेतं, ते कल्ल्यांवरून जातं, आणि अंग आवळून ते पाणी या नळीतून बाहेर फेकतं. तोच त्याचा श्वास, आणि पाणी जोरात फेकलं की त्याच धक्क्यानं ते मागे पळतं. श्वास घेणं आणि पळणं याला वेगळी यंत्रणा नाही. "म्हणून फार वेळ जोरात पळू शकत नाही. लवकर दमतं."

मी इतक्या वर्षांत शेकडो माकुलं साफ होताना पाहिली होती, आणि त्यातलं हे काहीच पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर पहिली गोष्ट आयला सांगितली.

"आय, माकुलाला तीन काळजं असतात."

ती कांदा चिरत होती. "तीन? मी इतकी वरसं फाडतंय, मना एक बी नाय दिसला."

"डोक्याबरोबर ओढून निघतात ना, मग कशी दिसतील."

तिनं थोडा विचार केला. दुसऱ्या दिवशी शेडमधून एक अख्खं माकुल पदराखाली घेऊन आली आणि माझ्यापुढे ताटात ठेवलं. "दाव."

मी ब्लेडनं चिरलं, मॅडमनी केलं होतं तसं. बा पण कंदील घेऊन जवळ येऊन बसले, कारण आमच्या ओटीवर संध्याकाळी उजेड कमी असायचा. मी सुईनं दाखवलं. आय वाकून खूप वेळ बघत राहिली. वाकल्यावर तिची शिट्टी वाढली, तशी ती सरळ झाली.

"दोन नुस्ती दमासाठी?"

"हो, कल्ल्यांसाठी."

"बरा हाय त्याचा," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. बा अजून ताटाकडे बघत होते. एवढं सगळं एका माकुलात, असं काहीतरी ते पुटपुटले. त्या महिन्यात त्यांनी आपणहून काढलेला तेवढाच शब्द असेल.

आयचं दुखणं त्या हिवाळ्यात वाढलं. जिना चढताना, पाण्याची कळशी उचलताना, हसतानासुद्धा धाप लागायची. लोक टीबी म्हणायला लागले. शेजारच्या बायका कप वेगळा ठेवायला लागल्या, तेही न बोलता. थुंकी तपासली, एक्स-रे काढला, टीबी निघाला नाही. नाक्यावरचा डॉक्टर इंजेक्शन द्यायचा, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि ती पुन्हा टेम्पोत चढायची. शेवटी मी तिला ठाण्यातल्या मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या मध्यम वयाच्या, फार घाईत नसलेल्या बाई होत्या. त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारलं, "काम काय करता?"

आयनं सांगितलं.

"आणि त्रास कधी कमी होतो?"

आय माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "पावसाळ्यात नसतो. बोटी बंद असतात, शेडही बंद असते."

"सुट्टीच्या दिवशी?"

"संध्याकाळपर्यंत थोडा कमी होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी आयला सावकाश समजावलं की माकुल धुताना जे धुकं उडतं त्यात माकुलाच्या अंगातला रस असतो, तो श्वासाबरोबर आत जातो, आणि काही माणसांचं शरीर त्याला शत्रू समजायला लागतं. एकदा समजलं की विसरत नाही. दर वेळी जास्त चिडतं आणि श्वासाच्या नळ्या आवळून घेतं. "मी औषध देते, तोंडात मारायचा पंप देते. पण काम सोडलं नाहीत तर एक दिवस पंप पुरणार नाही. आणि कोळंबी, चिंबोरी यांपासूनही जपा. त्यांचंही असंच होऊ शकतं."

बाहेर आल्यावर आय दवाखान्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं धाप लागली. पण ती नुसती बसली होती.

"मासलीचा इख आमाला?" ती म्हणाली. "कोल्याला? ती बाई बामनीन हाय, तिला वास सोसला नसंल, म्हून बोलली."

मी तिच्याशी वाद घातला नाही. मला डॉक्टरीणबाईंचं पटलं होतं, आणि आयलाही पटलं असावं. पण सकाळी टेम्पोचा हॉर्न वाजला तशी पंप कनवटीला खोचून निघाली.

पुढे काय होणार ते दिसत होतं, आणि तसंच झालं. एका दुपारी शेडमधल्या बायका तिला बर्फाच्याच टेम्पोत घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. निरोप मिळून मी पोचले तेव्हा तिच्या नाकातोंडावर मास्क होता, डोळे मोठे झालेले आणि ओठ निळे. मॅडमनी शिकवलेलं मला त्या वेळी आठवावं हे विचित्रच, पण आठवलं. माकुलाचं रक्त प्राणवायू मिळाला की निळं होतं. माणूस तो मिळेनासा झाला की निळा पडतो. मी तिचे पाय चोळत उभी राहिले. पाय अजून गमबुटांनी सुरकुतलेले, पांढरे, गार होते.

ती वाचली. घरी आल्यावर पहिलं बोलली ते जागेबद्दल. टेबलाच्या तोंडाची जागा दुसरीला देतील, मग परत मिळणार नाही. चार दिवस पडून राहते, मग जाते. मी म्हटलं, तू जायचं नाहीस, तुझ्या जागेवर मी उभी राहते. ती संतापली. शिकायचं सोडून माकुल फाडायला जन्म दिला का, वगैरे बरंच बोलली, आणि बोलता बोलता दम लागून थांबली. बा दारात बसून होते. त्यांनी खाली बघतच सांगितलं, "जाव दे तिला. वरीस गेला तं गेला. तू गेलीस तं काय करू?"

आयनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी टेम्पोत मी चढले.

त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे, कारण सगळे दिवस सारखेच होते. बर्फाच्या पाण्यानं बोटं बधिर व्हायची, दुपारनंतर ती आपली आहेत असं वाटायचं नाही. कातडीला भेगा पडायच्या आणि भेगांत शाई बसायची. पहिले काही आठवडे मी पिशव्या फोडायची, बायका हसायच्या, पण कुणी सुपरवायझरला सांगायची नाही. मंजुळाबायची पोर म्हणून. सुरुवातीला मी मनातल्या मनात भागांची नावं म्हणायची, अभ्यास राहावा म्हणून: कल्ला, मधलं हृदय, शाईची पिशवी, चोच. नंतर नावं म्हणायचाही कंटाळा आला. एका मोसमात माद्या यायला लागल्या, पोटं अंड्यांनी भरलेली, जेलीसारखी पांढरी पिवळट. माकुल साधारण वर्षभरच जगतं आणि मादी अंडी घातली की मरते, हे मॅडमनी सांगितलं होतं. समुद्राच्या तळाशी पांढऱ्या बोटांसारखे अंड्यांचे झुबके लावून ती संपते. आमच्या टेबलावर आलेल्या तिथपर्यंतही पोचल्या नव्हत्या. मी तो गोळा काढून बादलीत टाकायची आणि पुढचं माकुल उचलायची. त्यावर विचार करण्याइतकी ताकद कुणाला होती. संध्याकाळी टेम्पोत बसल्या बसल्या सगळ्या बायका झोपायच्या, एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर.

घरी आय बरी होत होती. शिट्टी थांबली होती. चेहऱ्यावर जरा रंग आला होता. एका संध्याकाळी मी आले ती तशीच तिच्याजवळ जाऊन आडवी झाले, डोकं तिच्या मांडीवर. तिनं माझे केस सोडले, तेलाची वाटी घेतली. थोडा वेळ तिची बोटं फिरत होती, मग थांबली. वर छातीतली शिट्टी मला ऐकू आली. आधी वाटलं, थंडी वाजली असेल. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा तिला पंप शोधून द्यावा लागला, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दोघींनाही कळलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, हो, कपड्यांवरून, केसांतून येतं घरात. तेवढंही तिला पुरे आहे.

मग बानी मागच्या अंगणात गोणपाटाचा आडोसा करून दिला. मी आल्यावर घरात न शिरता तिथे जायची, साबणानं दोनदा अंग घासायची, केस धुवायची, शेडचे कपडे तिथेच बादलीत. तरी केसांत काहीतरी राहायचंच. मी जवळ बसले की थोड्या वेळानं ती शिट्टी. म्हणून मी ओटीवर जेवायला लागले आणि ती आत चुलीपाशी. ताट ती उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरकायची, मग मी उचलायची. आम्ही भिंतीआडून बोलायचो. "मीठ बराबर हाय?" "आहे." "दमलीस?" "नाही." रोज हेच. आजारानं ती जेवढी खचली नव्हती तेवढी या उंबऱ्यानं खचली. जेवणातून माकुल गेलं, कोळंबी गेली, सुका जवळा गेला. वालाची भाजी आणि पातळ डाळ. बा तेच जेवायचे. दोन वेळा वाढून घ्यायचं मात्र त्यांनी थांबवलं होतं.

पावसाळ्यात काही दिवस बरे गेले, पण शेड पुन्हा सुरू झाली तसा उंबराही पुन्हा आला. अशातच एका रविवारी दामले मॅडम आल्या. डोंबिवलीहून ठाण्याला आणि तिथून विचारत विचारत बाळकुमला. मी शेडमधून जरा लवकर येऊन ओटीवर जेवत होते. रविवारीही माल आला की काम असायचं. मॅडमना बघून मी उठायला लागले तर त्यांनी खुणेनंच बसवलं. त्या आत बसल्या, आयनं चहा दिला. आत चुलीपाशी आय आणि बाहेर मी, असं बघून मॅडमनी जरा हळू आवाजात विचारलं, "बाजूला बसलीस का? अजून पाळता तुम्ही हे?"

आय आतून म्हणाली, "त्ये नाय ओ बाय. तिच्या अंगाला माकुल हाय."

मग मी सगळं सांगितलं. मॅडमच्या हातात कप तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "मला वाटलं लग्न ठरलं असेल." आणि मग, "जूनमध्ये नाव पुन्हा घाल. बाकीचं मी बघते."

मी म्हटलं, बघू. ते ‘बघू’ मॅडमना आणि आयलाही खोटं वाटलं असणार. चहा संपवून त्या निघाल्या. जाताना उंबऱ्यावर थांबल्या, माझ्या हातांकडे बघितलं आणि त्यांच्या त्या सुती साडीनिशी, माकुलाच्या वासासकट, माझा हात क्षणभर धरला.

त्या गेल्यावर आय बाहेर आली. ओटीवर, माझ्या अगदी शेजारी येऊन बसली. मी सरकले तर तिनं माझा दंड धरला.

"आय, त्रास होईल."

"होव दे." तिनं दंड सोडला नाही. मग म्हणाली, "सोड ती शेड. माजी जागा गेली तं जाव दे."

"आणि घर?"

"भाजी इकन."

बा अंगणात होते. त्यांनी मान वर केली. आमच्या आळीतल्या कुठल्याही बाईनं भाजी विकली नव्हती. कोळणीच्या पाटीत पालक, ही थट्टेची गोष्ट होती, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. आयची छाती वाजायला लागली होती, पण ती उठेना. "खाडीपलीकडून कशेलीचे लोक भाजी आनतान नाक्याला," ती दम घेत घेत म्हणाली. "मासली इकलीय ती बाई पालक इकू नाय शकत काय? तोंड तं त्येच हाय."

मग मी तिला जबरदस्तीनं उठवून आत नेलं आणि पंप दिला.

शेड मी त्या महिन्याअखेर सोडली. टेबलाच्या तोंडाशी दुसऱ्या दिवसापासून आमच्याच आळीतली एक जण उभी राहिली. पुढे तिलाही खोकला लागला म्हणून मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, तिनं वेळेवर सोडलं. बाकीच्या बऱ्याच जणींना मी सांगत राहिले. काहींनी ऐकलं, काहींना ऐकणं परवडणारं नव्हतं. अजूनही कधी कधी एखादी म्हातारी भेटते, बोलता बोलता तिच्या छातीत ती शिट्टी वाजते, आणि माझं बोलणं तिथेच थांबतं.

आयनं पहिल्यांदा भाजीची पाटी उचलली तेव्हा आळीतल्या काही बायकांनी दारं ओढून घेतली, काहींनी मुद्दाम बाहेर येऊन बघितलं. ती जांभळी नाक्याच्या मंडईत बसायची, मासळीच्या ओट्यांपासून लांब, दुसऱ्या टोकाला. सुरुवातीला तिला पालेभाजी निवडता यायची नाही, जुड्या सैल बांधायची, भाव करताना माशासारखा करायची आणि गिऱ्हाइकं हसायची. हळूहळू जमलं. मनापासून कधी आवडलं नाही. म्हातारपणी ती माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आली तेव्हाही मासळीवाली दारावरून गेली की खिडकीशी जाऊन उभी राहायची, पाटीत काय आहे ते लांबून बघायची, आणि मला नाव सांगायची. घ्यायची नाही. मी शाळेत शिकवत होते, मुलांना माकुलाचं चित्र काढून तीन हृदयं दाखवायची. घरी आल्यावर त्याविषयी बोलायची नाही.

शेड सोडल्यानंतरच्या जूनमध्ये मी पुन्हा कॉलेजला जायला निघाले त्या पहिल्या दिवशी आम्ही दोघी एकाच बसमध्ये होतो. बाळकुम नाक्यावरून चढलो, तिची पाटी ड्रायव्हरच्या मागे ठेवली, मेथी आणि चवळीच्या जुड्या, वर ओलं फडकं. खिडकीजवळ ती, शेजारी मी. माझा स्टॉप आधी, तिचा शेवटचा. गेलं वर्ष अंगात असं मुरलं होतं की बस हलली आणि मला डोळे उघडे ठेवता येईनात. डोकं तिच्या खांद्यावर कधी गेलं ते कळलं नाही. जाग आली तेव्हा बस मंडईपाशी उभी होती आणि लोक उतरत होते. आय तशीच बसून होती, न हलता, खांदा जरासुद्धा न झुकवता. तिचा श्वास शांत चालला होता. माझ्या कानाला तो अगदी जवळून ऐकू येत होता आणि त्यात काही वाजत नव्हतं.

"आय, माझा स्टॉप गेला."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "झोपली व्हतीस."

पहिलं लेक्चर तर बुडालंच होतं. कंडक्टर उतरा उतरा म्हणत होता. मला उठायचं होतं, पण उठवेना, आणि तिनंही घाई केली नाही. गाडी पुरती रिकामी होईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.